आईचा साखरपुडा

दादरच्या बाजारात साखरेच्या गाठी टांगलेल्या दिसायला लागल्या की मला घरात बसवत नाही. होळी होऊन दोन-चारच दिवस झालेले असतात, पाडवा अजून लांब असतो, आणि फुलवाल्यांच्या डोक्यांवर आडव्या बांबूंना त्या पांढऱ्या, गुलाबी, केशरी माळा एकदम लोंबायला लागतात. मी कोथिंबीर आणायला म्हणून उतरते आणि स्टेशनच्या पुलापर्यंत चालत जाऊन रिकाम्या हाताने परत येते. नवरा विचारतो, काय झालं? काहीच झालेलं नसतं. पंखा पूर्ण वेगात असतो तरी घाम येतो. खिडकी उघडली की रस्त्याचा आवाज, बंद केली की कोंडल्यासारखं. पुस्तक घेऊन बसावं तर तीच ती ओळ पुन्हा वाचली जाते. मग स्वयंपाकघरात जाऊन मी उगाच डबे पुसत बसते.

हे दिवसच तसे असतात. सकाळी उठताना पायांना जरा गारवा लागतो आणि ऑफिसला निघेपर्यंत हवा अंगाला चिकटायला लागते. ज्यांच्या घरी परीक्षा असतात ती घरं दबक्या आवाजात बोलतात. पिंपळाची पानं झडतात आणि झाडाला जरा उसंत मिळायच्या आत तांबूस कोवळी पालवी फुटते. कुणालाच नीट बसू न देणारा हा काळ. माझं लग्न व्हायच्या आधी एका वर्षी ह्याच दिवसांत माझ्या आईने लग्न करायचं ठरवलं.

तेव्हा आम्ही लालबागला चाळीत राहत होतो, दुसऱ्या मजल्यावर, आई आणि मी दोघीच. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. आई परळच्या एका शाळेच्या ऑफिसात कारकून होती आणि मी लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत हिशेबाचं काम करत होते. आमचं बरं चाललं होतं. म्हणजे सकाळी कोण आधी आंघोळीला जाणार यावरून वाद, संध्याकाळी भाजी कुणी आणायची यावरून वाद, आणि रविवारी सुरमई तळली की सगळं माफ.

गमरे काकांना मी बऱ्याच वर्षांपासून ओळखत होते. बाबा आजारी असताना परळच्या हॉस्पिटलच्या व्हरांड्यात आई ज्या बाकावर बसायची त्याच बाकावर ते बसायचे. त्यांची बायको आत असायची, आमचे बाबा आत असायचे. एकाने औषधं आणायला जायचं, दुसऱ्याने दोघांच्या पिशव्या सांभाळायच्या, अशी त्यांची ओळख. आधी बाबा गेले, काही महिन्यांनी काकू गेल्या. पुढे बरीच वर्षं काही संबंध नव्हता. मग एकदा पुतण्याच्या मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला काढायला काका आईच्या शाळेत आले आणि खिडकीपलीकडे आई बसलेली. शिवडीला राहायचे, बंदरावरच्या गोदामात नोकरी करून निवृत्त झाले होते. मोजकं बोलायचे. दाखला मिळाल्यावरही ते अधूनमधून येत राहिले. आईला शाळेतून घरापर्यंत चालत सोडायचे आणि चाळीच्या जिन्याखालूनच परत जायचे.

आईने मला सांगितलं तेव्हा ती मेथांब्यासाठी कैरी चिरत होती. मी समोर बसून मोबाइल बघत होते.

“मी आणि गमऱ्यांनी लग्न करायचं ठरवलंय,” ती म्हणाली. “सोमवारी नोटीस द्यायला जायचंय.”

मी म्हटलं, “तू मला विचारतेयस की सांगतेयस?”

“सांगतेय.” मग कैरीची कोय बाजूला ठेवून ती म्हणाली, “पण तू विचारल्यासारखं ऐक.”

मी उठून गॅलरीत गेले. खाली रस्त्यावर मसाल्यांच्या दुकानांपुढे मिरच्यांची पोती उतरत होती. वर्षभराचा मसाला करायचा तो मोसम. आमच्याकडे त्या दिवसांत सगळ्या चाळीलाच ठसका लागलेला असतो. कुणाच्या तरी घरी मिरची भाजली जात असते, कुणाचे तरी धणे गच्चीत वाळत असतात, आणि माणसं बोलता बोलता शिंकतात. मीही शिंकले, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कशामुळे आलं हे ठरवायची गरज पडली नाही म्हणून मला बरं वाटलं.

नोटीस दिली की महिनाभर थांबावं लागतं. विवाह नोंदणीच्या ऑफिसात एका फळ्यावर दोघांची नावं आणि फोटो लावतात, कुणाची हरकत असेल तर त्याने तेवढ्यात यावं म्हणून. मी कधी कधी जेवणाच्या सुट्टीत टॅक्सी करून तिकडे जायचे. काचेच्या आत विशीतली, तिशीतली मुलंमुली, घाबरलेली, केस विंचरलेली, आणि त्यांच्यामध्ये माझी आई. शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो दिला होता तिने. शेजारी गमरे काका, कॉलरचं बटण लावलेले. मी फळ्यापुढे उभी राहून आजूबाजूला बघायचे. कुणी तो फोटो जास्त वेळ बघतंय का, कुणी आत जाऊन काही विचारतंय का. मग परत टॅक्सी. संध्याकाळी आईला काही सांगायचे नाही.

हरकत घ्यायला ऑफिसात कुणी गेलं नाही. लोकांनी ती घरात येऊन घेतली. वयाबद्दल सगळे बोलले. ह्या वयात कशाला, मुलीचं आधी होऊ दे, निवृत्तीला किती राहिली आता. दुसरी गोष्ट कुणी उघड बोललं नाही. आम्ही कोकणातले मराठे, गमरे काका बौद्ध. तेही मूळचे कोकणातलेच, आमच्या गावापासून खाडी ओलांडली की त्यांचं गाव. पण लोक म्हणायचे, “त्यांच्याकडचं सगळं वेगळं असतं ना,” आणि हात हवेत फिरवायचे. आई विचारायची, काय वेगळं असतं? मग ते वयाकडे परत यायचे.

साखरेची कल्पना आईची. पाडव्याच्या गाठी बघून तिला सुचलं की लग्नाआधी आपण सगळ्यांना साखर द्यायची, घरी केलेली, साच्यात घालून. चहात टाकायच्या छोट्या वड्या. मी म्हटलं, पेढे दे ना सरळ. तर म्हणाली, पेढ्याचं असं आहे की तो दारात उभं राहून हातावर द्यायचा असतो. घेणाऱ्याला तो समोरच खावा लागतो आणि हसावं लागतं. साखर ते घरात ठेवतील, वाटलं तर चहात टाकतील, नाही वाटलं तर नाही. “कुणाला माझ्यासमोर गोड तोंड करायला लावायचं नाही मला,” ती म्हणाली. मग स्वतःशीच हसली. “साखरपुडाच हा. पहिल्या वेळी तुझ्या बाबांच्या घरून आला होता, आता माझा मीच बांधते.”

ते ऐकून मला कसंतरी झालं. तिचं हसणं मला नको होतं आणि तिने हसायचं थांबावं असंही वाटत नव्हतं.

रविवारी गमरे काका साचे घेऊन आले. पहिल्यांदा ते जिना चढून वर आले होते. चपला कुठे काढाव्यात हे त्यांना कळेना, कारण दाराबाहेर काढल्या तर सगळ्या मजल्याला दिसणार आणि आत काढल्या तर आगाऊपणा होणार. त्या हातात धरून ते दारातच उभे राहिले, तेव्हा आईने त्या घेतल्या आणि आमच्या चपलांशेजारी ठेवल्या. साचे क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेले, रबरासारखे मऊ. एक पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा, एक पानाचा. आईने बदामाचा साचा लगेच पिशवीत परत घातला. काका म्हणाले, “दुकानदाराने जोडीनेच दिला,” आणि कानापर्यंत लाल झाले.

साखरेची वडी पाडणं ऐकायला सोपं आहे. साखरेत अगदी थोडं पाणी घालायचं, ओल्या वाळूसारखी झाली की साच्यात दाबून भरायची, वरून सपाट करायची, वाळली की उलटी करून काढायची. पहिल्यांदा पाणी जास्त झालं आणि वड्या साच्यातच पाघळून बसल्या. दुसऱ्यांदा कमी झालं, त्या बाहेर येता येता भुरभुरल्या. तिसरा घाणा छान निघाला, एकेक पान रेखीव. ताटं गॅलरीत वाळत ठेवली. पण शेजारच्या पारकरकाकूंचा मसाला त्याच दिवशी तिथेच वाळत होता, हे आमच्या लक्षात आलं नाही. संध्याकाळी मी एक वडी चहात टाकली आणि चहा मालवणी मसाल्याचा झाला. काकांनी एक घोट घेतला, दुसरा घेतला, आणि कप संपवला. आईने विचारलं, कसा झालाय? म्हणाले, “सर्दीला चांगला आहे.” आई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. बाबा गेल्यापासून मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं. मला तिथे थांबवेना. दूध आणते म्हणून मी बाहेर पडले. दूध घरात होतं.

पुढचे काही दिवस घरात जिथे तिथे साखर. फरशीवर पाय ठेवला की कुरकुर. कपाटावर ताटं, पलंगाखाली ताटं, आणि पंख्याखाली वर्तमानपत्रांनी वड्यांना वारा घालत बसलेल्या आम्ही. मुंबईची हवा साखरेला सुकू देत नाही. सकाळी खडखडीत असलेली वडी दुपारी घामेजायची. आई ऑफिसातून आली की पदर खोचून आधी ताटं चाचपायची. संध्याकाळी काका यायचे आणि साच्यातल्या वड्या न मोडता काढून द्यायचे. काहींत वेलची घातली, काहींत गुलाबपाणी, थोड्यांत केशर. चार चार वड्या बटर पेपरात गुंडाळून वर लाल दोरा. मी दोरे बांधायचे. माझ्या गाठी फार घट्ट बसायच्या, आई त्या सोडवून परत बांधायची.

त्याच आठवड्यात मध्यस्थबाईंचा फोन आला. दादरचं एक स्थळ माझ्यासाठी चाललं होतं. मुलाला मी दोनदा भेटले होते, बरा होता, माझ्या बोलण्यावर वेळेवर हसायचा. बाई म्हणाल्या की मुलाच्या घरच्यांनी ऐकलंय, त्यांना आईबद्दल आदर आहे, पण हे जरा वर्षभर पुढे ढकलता येईल का ते बघा, म्हणजे आधी मुलीचं होऊन जाईल. फोन स्पीकरवर होता. आईचे हात साखरेत होते म्हणून मीच तो तसा ठेवला होता.

फोन बंद झाल्यावर आईने साचा भरायचं थांबवलं नाही. पान भरून, अंगठ्याने दाबून, ती म्हणाली, “तू सांगशील तर मी थांबते. खरंच थांबते. त्यांना मी सांगेन, ते ऐकतील.”

ती खरंच थांबली असती. तेच फार वाईट होतं. तिने हट्ट केला असता तर मला भांडता आलं असतं.

“मला राग येतोय,” मी म्हटलं. “तुझा, त्यांचा, सगळ्यांचा. पण थांबू नकोस.”

“राग किती दिवस राहील?”

“माहीत नाही.”

“चालेल,” ती म्हणाली आणि पुढचं पान भरायला घेतलं.

ते स्थळ तिथेच मोडलं. मला वाटलं होतं मी रडेन. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं की त्या मुलाचा चेहरा मला आठवतोय, आवाज आठवत नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी साखर वाटायला सुरुवात केली. आई पुढे, मी मागे पिशवी घेऊन. चाळीत एकेका दारात आई फक्त एवढंच सांगायची, “माझ्या लग्नाची साखर आहे,” पुडी हातात द्यायची आणि पुढे निघायची. थांबायची नाही. कुणी तोंड उघडायच्या आत आम्ही पुढच्या दारात. पारकरकाकूंनी मागून हाक मारून विचारलं की साक्षीदार तीन लागतात ना, तिसरा कोण आहे? आई म्हणाली, अजून नाही ठरला. त्या म्हणाल्या, मग मी येते, मला नवी साडी नेसायचीच आहे. तळमजल्यावरच्या एका आजोबांनी पुडी घेतली आणि दार लावलं. दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या डब्यात मला लाल दोरा दिसला. नुसता दोराच. पुडी आत ठेवली की फेकली ते कळायला मार्ग नव्हता, आणि मी त्या डब्याजवळ उगाच उभी राहिले, शेवटी सफाईवाल्या ताईंनी विचारलं, काही पडलंय का तुमचं?

आत्याकडे जायचं आईने शेवटी ठेवलं होतं. शालूआत्या बाबांची थोरली बहीण. आजी लवकर गेल्यामुळे बाबांना तिनेच वाढवलं होतं. करी रोडला तिची चाळ पाडून टॉवर झाला होता, तिथे ती चौदाव्या मजल्यावर मुलाच्या कुटुंबासोबत राहायची. तिने दार उघडलं, आम्हाला आत घेतलं, पण बसा म्हणाली नाही. आईने पुडी पुढे केली. आत्याने ती हातात घेतली नाही, स्टुलाकडे बोट दाखवलं.

“माका गोळ्ये चालू असत. साखर चलना नाय,” ती म्हणाली.

“माहीत आहे ताई. नुसती ठेवून घ्या.”

आत्या खिडकीतून बाहेर बघत राहिली. मग आईकडे वळून तिने विचारलं, “माझो भाव तुझ्या घरात फोटोत आसा. तो फोटो खय जातलो?”

आईचा चेहरा उतरला. हा प्रश्न तिने स्वतःलाही विचारला असणार, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं वेगळं. “घरातच राहील, ताई,” ती म्हणाली. “हिच्याजवळ. मी जाणार आहे, तो नाही.”

आम्ही चहा न घेता निघालो. माझ्या आठवणीत आत्याच्या घरून चहा न घेता परतण्याची ती पहिलीच वेळ. लिफ्टमध्ये आई आरशाकडे पाठ करून उभी होती.

लग्न चैत्रातच झालं, एका सकाळी, पंधरावीस मिनिटांत. साक्षीदार मी, काकांचा मुलगा आणि नव्या साडीतल्या पारकरकाकू. काकांचा मुलगा बेंगलोरहून आला होता. त्यालाही नीट कळत नव्हतं काय करायचं, म्हणून आम्ही दोघं सारखे एकमेकांना पाणी हवंय का विचारत होतो. आई सही करायला वाकली. काकांनी पेन धरलं नाही, हात धरला नाही, फक्त कागद हलू नये म्हणून एका बोटाने दाबून ठेवला.

दुपारी आई शिवडीला गेली. तिची एक बॅग, एक पिशवी, आणि स्वयंपाकघरातला तिचा आवडता पितळी डबा. टॅक्सी चाळीखाली उभी होती. मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले आणि माझ्या लक्षात आलं की पाठवणी चालली आहे, फक्त माणसं उलटी उभी आहेत. जायला हवी होते मी, रडायला हवी होती ती. पण ती टॅक्सीत बसून मला गॅस बंद कर, दाराची वरची कडी लाव, दोन दिवस पुरेल एवढी आमटी केली आहे, असं सांगत होती. काका पुढच्या सीटवर बसले होते, मागे बघत नव्हते, आम्हाला बोलू देत होते. टॅक्सी वळली. गॅलरीत अर्धी चाळ उभी होती. मी कुणाकडे न बघता वर आले आणि दार लावलं.

नंतरचे दिवस मला धड आठवत नाहीत. आठवते ती फक्त तगमग. एका खोलीत माणूस किती फिरू शकतो ते मला तेव्हा कळलं. बाबांच्या फोटोशी मी बोलायचा प्रयत्न केला, पण जमेना. ते असतानाही आमचं बोलणं आईच्या मार्फतच व्हायचं. आई रोज फोन करायची, तिच्या खिडकीतून खाडीत उभे असलेले गुलाबी पक्षी दिसतात, एकदा येऊन बघ म्हणायची. मी येते म्हणायचे आणि जायचे नाही. फरशी इतक्यांदा पुसूनही पायाखाली कुठेतरी साखरेचा कण लागायचाच.

मग एका रविवारी आत्याचा फोन आला. आधी श्वासाचा आवाज. मग ती म्हणाली, “तुझ्या आयशीच्या साखरेक मुंगये लागले. सांग तिका.”

मी विचारलं, म्हणजे काय झालं?

“काय झाला म्हणजे? देव्हाऱ्यात ठेवलेलय. आता अख्खो देव्हारो मुंग्यांनी भरलो. चौदाव्या मजल्यार मुंगये येतत, कधी ऐकलंस?” आणि फोन ठेवला.

मी आईला कळवलं. आई म्हणाली, निघ, मी तिथेच भेटते. मी पोचले तेव्हा ती टॉवरच्या खाली उभी होती, हातात हळदीची पुडी. लग्नानंतर मी तिला पहिल्यांदा बघत होते. जरा उजळल्यासारखी वाटली. मला वाईट वाटेल असं धरून चालले होते, तसं झालं नाही. ती माझ्या केसांना हात लावून म्हणाली, तेल घातलेलं दिसत नाही, आणि आम्ही वर गेलो.

देव्हारा म्हणजे भिंतीवरचं एक छोटं लाकडी कपाट. देव सगळे खाली ताटात काढून ठेवलेले. आणि मध्ये आमची पुडी, दोरा तसाच, कागद एका कोपऱ्यात कुरतडलेला. आत्याने ती उघडलीच नव्हती. त्या दिवशी आम्ही गेल्यावर स्टुलावरून उचलून तिने ती देवापुढे ठेवली होती, आणि गेले कित्येक दिवस रोज सकाळी दिवा लावताना ती तिच्या समोर होती.

आईने कपाट पुसलं, फटींत हळद भरली. आत्या ताटातल्या देवांना एकेक करून ओल्या फडक्याने पुसत होती. मी मुंग्यांची रांग कुठून येते ते शोधत होते. ती खिडकीच्या चौकटीतून येत होती. घरातले बाकीचे बाहेर गेले होते.

पुडी कचऱ्यात टाकू का, असं मी विचारलं. आत्या चिडली. देवापुढची साखर कुणी कचऱ्यात टाकतं का? तिने पुडी उघडली, मुंग्यांसकट, खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीजवळ नेऊन ठेवली. “खाऊंदे,” ती म्हणाली. “तेंच्या नशिबातली.” मग ती कुंडीपाशी तशीच उभी राहिली. पानांचे आकार अजून ओळखू येत होते. “ह्ये कोणी केले?” तिने विचारलं.

“आम्ही तिघांनी,” आई म्हणाली. “बरेचसे त्यांनी. माझ्या हातून मोडायचे.”

आत्या आत गेली. भांड्यांचा आवाज आला. तिने चहा टाकला होता. तिचा बिनसाखरेचा, आमचा नेहमीचा. आम्ही खाली चटईवर बसलो, खिडकीतून रेल्वेचे रूळ दिसत होते आणि पलीकडे आणखी एका टॉवरचं बांधकाम. आत्याने आईला शाळेचं विचारलं. मग गुडघ्याचं. मग माझ्याकडे बघून म्हणाली की हिला एकटीला ठेवलंयस, ही नीट जेवत नाही, दर आठवड्याला इकडे पाठव. आई हो म्हणाली. मला बोलायला जागाच नव्हती.

कप रिकामे झाले. आत्याने ते एकात एक ठेवले. त्या दिवसापर्यंत तिने गमरे काकांचं नाव घेतलं नव्हतं. घ्यायची वेळ आली तर “तो माणूस” म्हणायची. आता तिने कपांकडे बघत विचारलं, “तेंका च्यात साखर किती लागता?”

मी आईकडे बघितलं नाही.

“घेऊन येते,” आई म्हणाली. “तुम्हीच विचारा. पुढच्या रविवारी येऊ?”

“रविवारी नको,” आत्या उठत म्हणाली. “रविवारी आमच्याकडे पाण्याची बोंब असते. शनिवारी या.”